वंशशापाचे भयपट

पूर्वजाने केलेल्या पापाचा शाप पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतो आणि घराण्यातला एखादा वारस पशू होतो, अशा कथांवरचे अल्पखर्ची भयपट. १९४०च्या दशकात हॉलिवूडमध्ये ते बरेच निघाले. तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मुख्य चित्रपटाच्या गल्ल्यात स्टुडिओचा वाटा असे. जोडीच्या 'बी' चित्रपटाला बहुधा ठरावीक भाडेच मिळे. गर्दी कितीही झाली तरी उत्पन्न तेवढेच, म्हणून खर्चही आधीच बांधलेला असे.

वंशशापाची कथा या हिशेबात चपखल बसते. राक्षस दाखवायला पैसे लागतात. शापाला घरातली एक तसबीर, तळघरातले थडगे आणि जुन्या नोकराची चार वाक्ये पुरतात.

रूपांतराचे दृश्य मात्र वेळखाऊ. नटाच्या चेहऱ्यावर केसांचा एक थर चिकटवायचा, थोडी फिल्म घ्यायची, पुन्हा पुढचा थर, आणि शेवटी हे तुकडे एकमेकांत विरघळवायचे. दरम्यान कॅमेरा, दिवे आणि नटाचे डोके जागचे हलता कामा नये. डोके किंचित सरकले तरी चेहऱ्याला दुहेरी कड येते आणि फसवणूक उघडी पडते. फॉक्स स्टुडिओच्या 'द अनडाइंग मॉन्स्टर'मध्ये (१९४२, ६३ मिनिटे) हॅमंड घराण्याचा लांडगा जवळजवळ शेवटपर्यंत धुक्यात आणि सावलीत राहतो. मरताना चेहऱ्यावरचे केस विरतात, तेही क्षणभरच.

या प्रकारातला सर्वोत्तम चित्रपट म्हणजे आरकेओचा 'कॅट पीपल' (१९४२, ७३ मिनिटे). निर्माते वॅल लुटन यांना खर्चाची मर्यादा दीड लाख डॉलरची होती आणि शीर्षकही स्टुडिओने दिलेले. दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी चित्रण चार आठवड्यांच्या आत उरकले. नायिका इरीनाच्या इमारतीतला जिना आधीच्या एका मोठ्या चित्रपटासाठी बांधलेला होता. आपल्या सर्बियन गावाचा शाप आपल्या रक्तात आहे, जवळीक झाली तर आपण बिबट्या होऊ, ही इरीनाची भीती. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात जनावर स्पष्ट दिसतच नाही: बुटके छत, भिंतींवर हलणारा पाण्याचा उजेड, एक सावली आणि घुमणारी गुरगुर. इरीनाच्या नवऱ्याची सहकारी ॲलिस रात्री बागेच्या भिंतीकडेने चालते तेव्हा मागून येणारी पावले थांबतात. शांतता ताणली जाते आणि अचानक बसच्या ब्रेकचा फुत्कार येतो. संकलक मार्क रॉब्सन यांनी साधलेली ही युक्ती पुढे 'लुटन बस' म्हणून रूढ झाली. ती फसते ती शांतता आखूड ठेवल्यामुळे. प्रेक्षकाने कान टवकारण्याआधीच आवाज आला तर तो नुसता गोंगाट ठरतो.

पशू उघड दाखवला की भीती ओसरते. कोलंबियाच्या 'क्राय ऑफ द वेअरवुल्फ'मध्ये (१९४४) मुलीला आईकडून शाप मिळतो ही कल्पना चांगली आहे. पण पडद्यावर खरेच जनावर धावते आणि ते पाळीव वाटते. युनिव्हर्सलच्या 'शी-वुल्फ ऑफ लंडन'ची (१९४६) चूक उलटी आणि जास्त गंभीर आहे. ॲलनबी घराण्याचा शाप शेवटी घरातल्याच बाईचे कारस्थान निघतो, आणि तासभर जपलेली शंका वाया जाते.

मुंबईच्या रामसे बंधूंनी 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) हीच कल्पना राजघराण्यात आणली: सामरी या सैतानाच्या शापामुळे घराण्यातल्या मुली बाळंतपणात दगावतात, आणि त्याचे शिर व धड वेगवेगळ्या जागी ठेवलेले असते. इथे लपवाछपवी नाही; सामरी झालेल्या उंचाड्या अनिरुद्ध अग्रवाल यांचा चेहरा जवळून दाखवण्यावरच सारी भिस्त आहे.