पाळी नियमित, गर्भाशय ‘नॉर्मल’, तरी कळा असह्य: एका अवघड निदानाची पार्श्वभूमी

सतरा-अठरा वर्षांची एखादी मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस पोटाशी पाय घेऊन पडून राहते, ओकाऱ्या काढते, कॉलेज बुडवते. आणि घरातील वडीलधाऱ्या बायका ‘लग्न होऊन एक मूल झाले की आपोआप थांबेल’ एवढेच सांगतात. हा समज अगदीच निराधार नाही, कारण पाळीच्या बहुतेक दुखण्यामागे गर्भाशयात कोणताही दोष नसतो आणि बाळंतपणानंतर ते अनेकींच्या बाबतीत खरोखरच कमी होते. बहुसंख्य मुलींना लागू पडणारे हे उत्तर ज्या थोड्या मुलींना लागू पडत नाही, त्यांचे निदान मात्र त्यामुळेच वर्षानुवर्षे लांबते. त्यांपैकी काहींच्या गर्भाशयात जन्मतःच एखादी बंद पोकळी असते आणि पाळीचे रक्त तिच्यात कोंडते; हा लेख त्या निदानाविषयी आहे.

चरकसंहितेतील वीस योनिव्यापदांमध्ये, म्हणजे स्त्रीरोगांमध्ये, ‘उदावर्तिनी’चे वर्णन येते: रज बाहेर पडताना कष्ट होतात आणि ते मोकळे झाले की त्याच क्षणी आराम पडतो. आज ज्याला प्राथमिक डिसमेनोरिया (गर्भाशयात दोष नसताना होणारे पाळीचे दुखणे) म्हणतात, त्याचे चित्र याच्या बरेच जवळ जाते. त्याचे रासायनिक कारण विसाव्या शतकात उलगडू लागले. शेफिल्ड येथील व्ही. आर. पिकल्स यांनी 1957 मध्ये मासिक स्रावात स्नायू आकुंचित करणारे द्रव्य असल्याचे दाखवले, आणि पुढे प्रोस्टाग्लँडिन या गर्भाशय आकुंचित करणाऱ्या रसायनाचे कार्य समजल्यावर त्याची निर्मिती रोखणारी मेफेनॅमिक ॲसिडसारखी औषधे घरोघरी पोहोचली. या शोधाने असंख्य मुलींचे हाल थांबवले यात शंका नाही. पण त्याचबरोबर, तपासणी न करताही दुखण्याचे समाधानकारक स्पष्टीकरण देता येऊ लागले.

गर्भाशयाची रचना जन्मतःच वेगळी असू शकते, हे वैद्यकाला त्याच्या बरेच आधीपासून ठाऊक होते. ज्या दोन नलिकांच्या संयोगातून गर्भाशय घडते, त्यांना योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचे नाव मिळाले. त्यांचे जननेंद्रियांच्या विकासावरील लेखन 1830 मधले आहे. या नलिका अपुऱ्या वाढल्या, नीट जुळल्या नाहीत किंवा त्यांच्यामधला पडदा विरला नाही, तर निरनिराळे दोष उरतात. पाठ्यपुस्तकातील अडथळ्याचे ठरलेले उदाहरण मात्र योनिपटलाला छिद्र नसलेल्या मुलीचे असते: वय होऊनही पाळी येत नाही आणि दरमहा पोटात दुखते. त्यामुळे ‘पाळी येते का?’ या प्रश्नाला ‘नियमित येते’ असे उत्तर मिळाले की अडथळ्याची शंका तिथेच मिटत असे.

दुर्मीळ दोषांची फसगत नेमकी इथे आहे. यांत एका बाजूची वाट मोकळी असते आणि दुसऱ्या बाजूला रक्त कोंडते. गर्भाशय दुहेरी, एका बाजूची योनी बंद आणि त्याच बाजूचे मूत्रपिंड गायब, अशा विकृतीला 1971 मध्ये तिचे वर्णन करणारे हर्लिन व वेर्नर आणि 1976 मध्ये वर्णन करणारे वुंडरलिख यांची नावे लाभली. लहानपणी एकच मूत्रपिंड असल्याचे कळलेल्या मुलीची पाळी सुरू होताच हे आठवले पाहिजे. प्रत्यक्षात ती जुनी फाइल कपाटातच राहते. फ्रेंच डॉक्टर रोबेर यांनी 1970 च्या सुमारास वर्णन केलेल्या गर्भाशयात तिरका पडदा एक कप्पा पूर्ण बंद करतो, आणि बाहेरून आकार मात्र साधारण एकसंधच दिसतो.

सर्वांत चकवणारा दोष यापुढचा आहे. 1912 मध्ये ऑलिव्हर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये, गर्भाशयाच्या बाजूच्या उजव्या ब्रॉड लिगामेंटमधून (गर्भाशयाला आधार देणाऱ्या पडद्यासारख्या पदरातून) काढलेल्या आणि मासिक रक्ताने फुगलेल्या एका ‘जादा गर्भाशया’ची नोंद केली. त्यानंतर अशा गाठींना वेगवेगळी नावे मिळत गेली. 2010 मध्ये जपानमधील ताकेउची व सहकाऱ्यांनी नऊ रुग्णांवरून ‘तरुणींतील सिस्टिक ॲडेनोमायोमा’चे (गर्भाशयाच्या स्नायूतील, आत अस्तर असलेल्या पोकळ गाठीचे) वर्णन केले, तर त्याच वर्षी स्पेनमधील पेद्रो आसिएन आणि सहकाऱ्यांनी ‘ॲक्सेसरी कॅव्हिटेटेड युटेराइन मास’ (गर्भाशयातील जादा पोकळ गाठ), म्हणजे एसीयूएम, हा म्युलेरियन, म्हणजे म्युलर नलिकांच्या वाढीतला, दोष असल्याचे मांडले. या दोन नावांखालचे बरेचसे रुग्ण एकाच विकाराचे असावेत, असे आज अनेक तज्ज्ञ मानतात. एकाला नंतर उद्भवलेला आजार म्हणायचे आणि दुसऱ्याला जन्मजात दोष, हा वाद केवळ शब्दांचा नाही, कारण साहित्य दोन नावांत विभागले गेले की शोधणाऱ्यालाही अर्धेच सापडते. अलीकडे ‘मास’ (गाठ) ऐवजी ‘मालफॉर्मेशन’ (रचनादोष) म्हणण्याकडे कल आहे. संक्षिप्त रूप तेच राहते, एवढी तरी सोय झाली.

ही गाठ सहसा राउंड लिगामेंट हा दोरीसारखा बंध जिथे गर्भाशयाला जुळतो त्याच्या खाली, एका बाजूच्या भिंतीत असते. तिच्या आत गर्भाशयासारखेच अस्तर असते, ते दरमहा स्रवते, बाहेर वाट नसल्याने चॉकलेटी रंगाचे दाट रक्त साचते आणि भोवतीचा स्नायू ताणला जातो. उदावर्तिनीतील तत्काळ आराम इथे मिळत नाही. स्राव सुरू झाल्यावरही कळा चालू राहतात, पाळी संपल्यावरही कधी कधी उरतात, आणि अनेकदा त्या एकाच बाजूला असतात. मुख्य पोकळी, दोन्ही बीजवाहिन्या आणि बीजकोश मात्र निर्दोष असतात. म्हणून रंगद्रव्य घालून काढलेला एक्स-रे नॉर्मल येतो, आणि सोनोग्राफीत गाठ दिसली तरी तिला फायब्रॉइड (गर्भाशयातील स्नायूची साधी गाठ) म्हणून सोडून देता येते. अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीच्या 1988 च्या वर्गीकरणातील सात वर्गांत तिला जागा नव्हती, आणि 2013 च्या युरोपीय वर्गीकरणातही स्वतंत्र वर्ग मिळाला नाही.

उपकरणे तर केव्हाच आली होती. इयान डोनाल्ड यांचा पोटातील गाठींच्या अल्ट्रासाउंडवरील निबंध 1958 चा आहे, आणि त्रिमितीय सोनोग्राफी व एमआरआयने आता गर्भाशयाचे दोन्ही कोपरे, जिथे बीजवाहिन्या जुळतात, स्पष्ट दाखवता येतात. दोन्ही कोपरे जागेवर असतील, तर बंद पोकळी ही एकशिंगी (एकाच बाजूने पूर्ण वाढलेल्या) गर्भाशयाचे अविकसित शिंग नव्हे, हे ठरते. आपल्याकडे अविवाहित मुलीची योनीमार्गे सोनोग्राफी सहसा करत नाहीत. भरलेल्या मूत्राशयावरून पोटाची सोनोग्राफी होते आणि दोन-तीन सेंटिमीटरची गाठ तीत निसटू शकते. अशा वेळी एमआरआय हाच सोयीचा मार्ग ठरतो, पण तो सुचवायला मुळात शंका यावी लागते.

ती शंका केव्हा यावी, याला 2018 मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुदत घालून दिली: वेदनाशामक किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी तीन ते सहा महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही, तर दुसरे कारण शोधावे. गोळ्यांनी पाळीच थोपवली की कोंडलेल्या पोकळीचे दुखणेही काही काळ दबते, त्यामुळे आलेला अर्धामुर्धा गुणही नीट वाचावा लागतो. एसीयूएमची गाठ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने, गर्भाशय राखून काढता येते. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवताना तो भिंतीत नेमका कुठे होता आणि मुख्य पोकळीशी जोडलेला नव्हता, हे सोबतच्या कागदावर लिहिले नाही, तर अहवालात पुन्हा ‘ॲडेनोमायोमा’ हेच नाव येण्याची शक्यता राहते.