लंडन-सिडनी: सतरा हजार किलोमीटर आणि वाटेतले थांबे

लंडन आणि सिडनी यांच्यातलं हवाई अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून धरली तर भरेल तेवढं. ताशी ९०० किलोमीटरने भागलं की एकोणीस तास येतात. पण नेहमीचा प्रवासी एवढ्या वेळात पोहोचत नाही, कारण विमान वाटेत उतरतं. विमानांचा वेग वाढला हे खरंच; तरी या मार्गाची खरी गोष्ट थांब्यांची आहे.

१९१९ साली ऑस्ट्रेलिया सरकारने ब्रिटनहून ३० दिवसांच्या आत उडत येणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांसाठी १०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिक घेऊन १२ नोव्हेंबरला लंडनजवळच्या हाउन्स्लोहून निघाले आणि १० डिसेंबरला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या डार्विनला उतरले. यात प्रत्यक्ष हवेत गेले सुमारे १३५ तास. बाकीचा वेळ जमिनीवरच्या खटपटींचा. जावा बेटावरच्या सुराबायात चाकं चिखलात रुतली, तेव्हा तिथल्या लोकांनी बांबूच्या चटया आणून अंथरल्या आणि त्या धावपट्टीवरून विमान उडालं.

१९३५ मध्ये ब्रिस्बेन-लंडन प्रवासी सेवा सुरू झाली. साडेबारा दिवस लागत. गंमत म्हणजे या विमानप्रवासात इटलीतल्या ब्रिंडिसी ते पॅरिस हा टप्पा चक्क आगगाडीचा होता, कारण इटलीवरून उडायची परवानगी नव्हती.

१९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतलं आणि मार्गच तुटला. मग १९४३ पासून कॅटालिना ही पाण्यावर उतरणारी विमानं पर्थहून थेट श्रीलंकेतल्या कोग्गलाला जाऊ लागली. रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून, प्रवासी जास्तीत जास्त तीन. २७ ते ३३ तासांच्या त्या उड्डाणात सूर्य दोनदा उगवताना दिसे. इतका वेळ न उतरता उडणं जमतं, हे लढाईने असं दाखवून दिलं.

१ डिसेंबर १९४७ ला क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान २९ प्रवाशांसह सिडनीहून लंडनला निघालं. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असं करत चार दिवसांत पोहोचलं. पुढे जेट विमानं आली आणि एकेक थांबा गळत गेला.

एकही थांबा न घेता लंडन-सिडनी झालं ते ऑगस्ट १९८९ मध्ये, २० तास ९ मिनिटांत. त्या बोइंग ७४७-४०० विमानात खास जास्त घनतेचं इंधन भरलं होतं, आणि ते धावपट्टीपर्यंत जाण्यात जळू नये म्हणून विमान तिथवर ओढत नेलं. तिकीट काढलेला प्रवासी मात्र एकही नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये बोइंग ७८७ ने हेच अंतर १९ तास १९ मिनिटांत कापलं, तेही मोजकी माणसं घेऊन.

नेहमीच्या प्रवाशांना थेट सेवा मिळाली ती मार्च २०१८ पासून, पण पर्थ-लंडन अशी: सुमारे १४,५०० किलोमीटर, सतरा तास. एप्रिल २०२४ मध्ये इराणचं आकाश टाळायची वेळ आली. वळसा वाढला, आणि पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, त्यामुळे लंडनला जाणारं विमान पुन्हा सिंगापूरला उतरून इंधन घेऊ लागलं. परतीचं विमान मात्र वारा पाठीशी असल्याने थेटच येत राहिलं.