नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस मरतो?

नागीण या आजारात अंगावर उठणाऱ्या पुरळाच्या पट्ट्याचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. हे खरं नाही.

नागीण म्हणजे कधीकाळी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींत वर्षानुवर्षं निपचित पडून असतो. जागा झाला की बहुधा एकाच नसेच्या वाटेने त्वचेवर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला पसरलेली, म्हणून पुरळाचा पट्टा सहसा मध्यरेषेशीच थांबतो. विळखा पुरा होणार कसा?

शिवाय हा विषाणू स्वतःच्या बळावर वाढतही नाही. त्याची जनुकं वाचणारं आरएनए पॉलिमरेज-२ हे विकर (एन्झाइम) आपल्याच पेशीचं. त्या वाचनाला चालना देणारं एचसीएफ-१ हे प्रथिनही आपलंच. पेशीने ते स्वतःच्या कामासाठी बनवलेलं, विषाणू उसनं घेतो. ओठांवर फोड आणणारा त्याचा भाऊबंदही हेच करतो.

मंत्राने किंवा गेरूच्या लेपाने यात काही फरक पडत नाही. असायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाने पडतो, कारण ते विषाणूच्या डीएनएची नक्कल रोखतं. मात्र पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू व्हायला हवं. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.