आमदारांनी जाहीर केलेलं काम गावात का पोहोचत नाही? अर्ज, पात्रता आणि अडून राहणारे कागद

लोकप्रतिनिधींच्या कामाचा आढावा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. अमुक वस्तीला रस्ता, तमुक ठिकाणी सभागृह, तरुणांसाठी रोजगार मेळावा. खाली अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि काम मंजूर झालं असं गाव धरून चालतं. वर्ष सरलं की तीच माणसं विचारत फिरतात, "आमच्या रस्त्याचं काय झालं?" सांगली जिल्ह्यात, त्यातही जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातल्या वाड्या-वस्त्यांवर, हा प्रश्न सारखा कानावर येतो. बहुतेक वेळा फाईल एखाद्या साध्या कागदापाशी अडलेली असते, आणि तो कागद कोणता हे गावाला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे सविस्तर.

आमदार किंवा खासदार काम सुचवतात, मंजूर करत नाहीत. त्यांच्या फंडातल्या कामाला प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते आणि ती फाईल जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चालते. शिफारस पत्र, अंदाजपत्रक, जागेचे कागद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा किंवा काम वाटप, कार्यारंभ आदेश, एवढं सगळं झाल्यावर जेसीबी येतो. लेटरहेडवरचं पत्र हा या रांगेतला पहिला कागद. त्या पत्राचा फोटो काढून गावभर फिरवला जातो आणि मूळ फाईलचा पाठपुरावा मात्र कुणीच करत नाही, असं फार ठिकाणी पाहिलं आहे.

काम कोणत्या हेडचं?

कार्यालयात गेल्यावर "आमचं काम कुठं अडलंय" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. आधी लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कोणत्या फंडातून किंवा योजनेतून येणार ते 'हेड', माहीत हवं. आमदार फंड (प्रत्येक आमदाराला वर्षाला 5 कोटी), खासदार फंड (तोही वर्षाला 5 कोटी), ग्रामविकास विभागाचं 'पंचवीस पंधरा' (2515 क्रमांकाचं लेखाशीर्ष), जिल्हा नियोजन समितीतून येणारी जनसुविधा, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, शिराळ्यासारख्या तालुक्यात डोंगरी विकास. प्रत्येकाचं टेबल वेगळं, कागद थोडे वेगळे. स्मशानभूमीचं शेड जनसुविधेतून होऊ शकतं, तरी गावं वर्षानुवर्षं आमदार फंडाचीच वाट बघत बसतात. जतसारख्या मतदारसंघात शंभराहून जास्त गावं आहेत. 5 कोटी तेवढ्यांत वाटले तर एका गावाच्या वाट्याला काय येईल, याचा हिशोब आधीच करा आणि दुसरं हेडही हाताशी ठेवा.

विधान परिषदेच्या सदस्यांनाही असाच फंड असतो, हे बऱ्याच गावांच्या ध्यानात नसतं. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघात सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे येतात. तिथंही पत्र द्यायला हरकत नाही.

आता मतदारसंघाचा घोळ. तालुका एक आणि मतदारसंघ दुसरा, असं आपल्याकडे भरपूर आहे. वाळवा आणि शिराळा तालुके सांगली जिल्ह्यात असले तरी लोकसभेला हातकणंगले मतदारसंघात जातात. साताऱ्याकडे माण आणि फलटणचं तसंच, ते माढ्यात. तासगाव तालुक्यातलं विसापूर मंडळ विधानसभेला खानापूरमध्ये मोडतं. मिरज तालुक्यातली काही गावं इस्लामपूर मतदारसंघात आहेत. चुकीच्या प्रतिनिधीकडे दिलेला अर्ज कुणी नाकारत नाही, तो नुसता पडून राहतो. त्यामुळे नकार आलाय हेसुद्धा कळत नाही. मतदार यादीवर मतदारसंघाचं नाव छापलेलं असतं, ते बघूनच पत्र लिहा.

ग्रामसभेचा ठराव

ठराव लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो परत का येतो, हे माहीत नसतं. विषयात "गावातील रस्ता करणे" एवढंच लिहिलेलं असतं. रस्ता कुठून कुठपर्यंत, गट नंबर कोणते, अंदाजे लांबी किती, हे नसेल तर अभियंता मोजायचं काय? विषय असा लिहा: "अमुक यांच्या घरापासून जिल्हा परिषद शाळेपर्यंतचा रस्ता काँक्रीट करणे." सूचक आणि अनुमोदकाची नावं, सभेची तारीख आणि ठराव क्रमांक हवाच. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी ती. हजेरी पुस्तकात तेवढ्या सह्या नसतील आणि विरोधी गटानं तक्रार केली, तर त्या ठरावावर उभी असलेली फाईल तिथंच लटकते. तहकूब झालेल्या सभेत ऐनवेळी नवा विषय घुसवू नका. नोटीस सात दिवस आधी लागलेली असावी आणि फलकावर लावलेल्या नोटिशीचा फोटो काढून ठेवावा.

गावात प्रशासक असेल तर सरपंचाच्या जागी त्यांची सही चालते. ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. जुना शिक्का असला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण सहीखाली नाव आणि तारीख नसली तर मात्र कागद परत येतो.

जागेचा कागद: इथंच खरी अडचण

दहा फाईली अडल्या तर त्यातल्या बहुतेक इथं अडतात, म्हणून इथं जरा थांबू.

गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा. ड्रोननं गावठाण मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा. तिन्हीपैकी जो लागू असेल त्यावर मालक म्हणून ग्रामपंचायत किंवा शासन दिसायला हवं. खासगी जागेवर सरकारी पैसा खर्च होत नाही, मग गावानं ती जागा चाळीस वर्षं चावडीसारखी वापरली असली तरी.

मग गाव म्हणतं, जागामालकानं दान दिलीय. कागद दाखवा म्हटलं की स्टॅम्पपेपरवर लिहिलेलं, नोटरीचा शिक्का मारलेलं संमतीपत्र पुढं येतं. स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, त्यानं जमिनीची मालकी बदलत नाही. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्यानंतर फेरफार होऊन ग्रामपंचायतीचं नाव उताऱ्यावर चढावं लागतं. यात तीन ठिकाणी गाडी रुतते.

एक, सातबाऱ्यावर देणाऱ्याचं एकट्याचं नाव नसतं. वडील वारले, वारस नोंदीत चार भाऊ आणि तीन बहिणी लागल्या. एक भाऊ मोठ्या मनानं जागा देतो. बाकीच्यांच्या, आणि सासरी गेलेल्या बहिणींच्याही, सह्या लागतात. बहिणींना विचारायचं काय, असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांचा हक्क कायद्यानं आहे, त्यांना सन्मानानं बोलवा, कागद समजावून सांगा. एका बहिणीची हरकत आली तरी फेरफार अडतो, आणि ती हरकत रास्त असते.

दोन, सभागृहासाठी गुंठा-दोन गुंठ्यांचाच तुकडा तोडून द्यायचा असतो. तिथं तुकडेबंदी कायदा आड येतो. दस्त लिहून, खर्च करून मग कळण्यापेक्षा दुय्यम निबंधक आणि तहसील कार्यालयात आधी विचारा की कोणत्या परवानगीनं हा दस्त होईल.

तीन, जमिनीवर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. इतर हक्काचा रकाना वाचायची सवय ठेवा. बोजा असेल तर आधी तो उतरवा, निदान बँकेचं ना-हरकत घ्या.

फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात. नोंदणी झाली की दुसऱ्या दिवशी उतारा मिळेल, या हिशोबानं कुणी बसू नका.

मालकाला नोंदणीचा खर्च नको असतो, हेही समजण्यासारखं आहे. जागा त्यानं द्यायची आणि पैसेही त्यानंच भरायचे का? हा खर्च गावानं उचलावा, आणि ते ठरावाच्या दिवशीच बोलून घ्यावं.

गायरानाचं वेगळं प्रकरण. "गायरान तर गावाचंच" या समजुतीवर किती प्रस्ताव वाया गेले असतील! सातबाऱ्यावर तिथं सरकारचं नाव असतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2011 मध्ये गावाच्या सामाईक जमिनींबाबत जगपाल सिंग प्रकरणात निकाल दिला, त्यानंतर राज्य शासनानं 12 जुलै 2011 चा शासन निर्णय काढला आणि गायरान दुसऱ्या कामासाठी देणं फारच अवघड झालं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिथं पाया खणू नका. दुसरी जागा मिळत असेल तर तीच बघा.

मंदिरासमोर सभामंडप हवा असतो, तेव्हा जागा देवस्थान ट्रस्टची आहे का हे तपासा. धार्मिक स्थळाच्या आवारात किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर खासदार फंड वापरता येत नाही. भक्तांनी वर्गणी जमवून सभामंडप बांधावा आणि खासदार फंड पाणी, शाळा, दवाखान्याकडे वळवावा, असं मला मनापासून वाटतं.

रस्त्याच्या बाबतीत आणखी एक. रस्त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक आहे का, हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात विचारा. क्रमांक नसला तर काही हेडांतून पैसे मिळत नाहीत. शेतात जाणारी वाट असेल तर ती पाणंद म्हणून नकाशावर आहे का ते पाहा. 2021 पासून पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे, तिकडून प्रस्ताव करा.

बाकीचे कागद किरकोळ आहेत: हे काम आधी दुसऱ्या योजनेतून झालेलं नाही असा दाखला, पुढची देखभाल ग्रामपंचायत करेल असं हमीपत्र, जागेचा फोटो, अंदाजपत्रक. दाखला देण्याआधी जुन्या कामांचं रजिस्टर खरंच बघा. त्याच रस्त्याचं काम पूर्वी कागदावर पूर्ण दाखवलेलं निघालं तर सही करणाऱ्याच्या अंगाशी येतं.

मार्च आणि आचारसंहिता

31 मार्च ही अर्ज द्यायची तारीख आहे, असं अनेकांना वाटतं. आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं. त्याच्या कितीतरी आधी मान्यता झालेली हवी. जानेवारी-फेब्रुवारीत घाईघाईनं दिलेला प्रस्ताव त्या वर्षात बसणं कठीण. दिवाळीच्या आत सगळे कागद जिल्हा नियोजनकडे पोहोचलेले बरे. आचारसंहिता लागली की नवं काम सुरू करता येत नाही. जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेलं काम मात्र चालू राहू शकतं. नारळ फुटला म्हणजे काम सुरू झालं असं नव्हे. कार्यारंभ आदेश आणि जागेवरचं काम, हेच बघितलं जातं.

आढाव्यातला रोजगार

त्याच पत्रकात "तरुणांना रोजगार" असं एक वाक्य असतं. त्यासाठी शिफारस पत्र घ्यायला आलेली पोरं बघून वाईट वाटतं, कारण त्या पत्राचा तिथं उपयोग होत नाही.

मेळाव्यासाठी महास्वयं पोर्टलवर नोंदणी करा. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, मेळाव्याच्या दिवशी नव्हे. मेळावा भरवणारं कार्यालय म्हणजे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. नोंदणीत अडचण आली तर तिथंच जा. स्थापत्य पदविका किंवा पदवी झालेल्यांनी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करावी, कारण छोट्या कामांच्या वाटपात त्यांच्यासाठी आणि मजूर सहकारी संस्थांसाठी हिस्सा ठेवलेला असतो.

स्वतःचा धंदा काढायचा असेल तर 2019 पासून सुरू असलेला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. अर्ज ऑनलाइन, छाननी जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योग मंडळाकडे, कर्ज बँकेकडून. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला 25 टक्के अनुदान, महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष प्रवर्गाला 35 टक्के. शहरात ते 15 आणि 25 टक्के. स्वतःचा वाटा खुल्या प्रवर्गाला 10 टक्के, विशेष प्रवर्गाला 5 टक्के. गैरसमज होतो तो अनुदानाबद्दल. ते हातात रोख मिळत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळतं होतं. हे ऐकल्यावर तोंड उतरलेली मुलं पाहिली आहेत. आधीच कुणी नीट सांगितलं असतं तर त्यांनी उसनवारी करून शेड बांधायला काढलं नसतं. आधीपासून चालू असलेल्या धंद्याला ही योजना लागू नाही. बँकेनं नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. सिबिल (आधीच्या कर्जफेडीची नोंद), जागेचा भाडेकरार आणि प्रकल्प अहवालातले फुगवलेले आकडे, बहुधा यातलंच काहीतरी निघतं, आणि दुरुस्त होण्यासारखं असेल तर ते दुरुस्त करून पुन्हा जाता येतं.

फाईल कुठं आहे, हे विचारायचं कसं

तोंडी विचारून "साहेब मीटिंगला गेलेत" एवढंच ऐकायला मिळत असेल, तर माहितीचा अधिकार वापरा. राज्यात या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना तोही नाही. अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा. "काम का झालं नाही" असं विचारू नका, कारण सांगण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. तो हातात असलेला कागद देतो. म्हणून कागद मागा: "अमुक गावातील अमुक कामाच्या शिफारस पत्राची आवक नोंद, प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत, आणि मान्यता झाली नसल्यास त्रुटी कळवलेल्या पत्राची प्रत मिळावी." उत्तराची मुदत 30 दिवस. त्रुटीचं पत्र बहुतेकदा ग्रामपंचायतीला आधीच आलेलं असतं आणि आवक रजिस्टरात दाबून राहिलेलं असतं. त्यामुळे जिल्ह्याला अर्ज टाकण्याआधी एकदा ग्रामपंचायतीचं आवक रजिस्टर उघडून बघा. त्रुटीचं पत्र सापडलं तर त्याचं उत्तर दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊनच तिथून निघा.