दिवसाआड, पण आयतार सोडून

डायलिसिसवर असलेल्या माणसाला ‘किती वेळा?’ असे विचारले की गोव्यात उत्तर बहुधा वारांत मिळते. सोम-बुध-शुक्र, नाहीतर मंगळ-गुरु-शनी. कुणाचे दोनच वार असतात. तीन वारांना घरची माणसे ‘दिवसाआड’ म्हणतात, पण तो हिशेब जमत नाही. वार सात आहेत, त्यामुळे दिवसाआड मोजत गेलो तर पुढच्या आठवड्यात सगळे वार उलटतात आणि आयतारीही केंद्र चालवावे लागते. ते टाळले की दोन रिकामे दिवस सलग येतातच.

तीनचा हा आकडा कुणी तुलना करून ठरवलेला नाही. नेदरलँड्समधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये फिरत्या पिंपाचे यंत्र रुग्णाला जोडले. मात्र दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, तेव्हा कुणाला वर्षानुवर्षे जगवणे शक्यच नव्हते. मार्च १९६० मध्ये सिअ‍ॅटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि हे गणित बदलले. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स आणखी अकरा वर्षे जगले. सुरुवातीला दोन सत्रांमध्ये बऱ्याच दिवसांचे अंतर असे आणि एकेक सत्र चोवीस तासांच्या घरात चाले. रक्तदाब आवरेना, पायांच्या नसा दुबळ्या होऊ लागल्या, म्हणून आठवड्यातून दोनदा आणि मग तीनदा उपचार सुरू झाले. तिथे तब्येती सावरल्या आणि आकडा थांबला. १९७३ पासून अमेरिकी सरकार खर्च उचलू लागले. तीन सत्रांचे पैसे मिळत, म्हणून तीनच सत्रे. माझ्या मते वैद्यकापेक्षा हिशेबाच्या वहीनेच तो आकडा पक्का केला.

तरी वेगळे प्रयोग होत राहिले. लॉस एंजेलिसमध्ये १९६० च्या दशकातच आठवड्याला पाच सत्रांचा प्रयत्न झाला. फ्रान्समधल्या तासँ येथे वार तीनच ठेवले, पण सत्र आठ तासांचे केले; तिथल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुटल्या. टोरांटोत १९९४ पासून रुग्ण घरीच रात्री झोपेत यंत्र लावू लागले.

२००२ मध्ये १८४६ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीचा निकाल आला. तीन वार कायम ठेवून नुसते रक्त जास्त धुतल्याने मृत्यू घटले नव्हते. मग वारच वाढवून पाहायचे ठरले. २०१० मधल्या चाचणीत २४५ रुग्ण होते. निम्म्यांना सहा वार नेमून दिले, प्रत्यक्षात सरासरी ५.२ झाले. वर्षभरात त्यांच्या हृदयाचा जाड झालेला स्नायू कमी झाला, रक्तदाब आणि फॉस्फरस खाली आले. मात्र फिस्टुलाची, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीची, दुरुस्ती जास्त वेळा करावी लागली. हात तोच आणि सुया दुप्पट, मग दुसरे काय होणार? रात्रीच्या डायलिसिसची सोबतची चाचणी ८७ रुग्णांवरच आटोपली. तिच्यात ठोस फायदा दिसला नाही. उरलीसुरली लघवी लवकर बंद झाली आणि पुढच्या पाहणीत त्या गटात मृत्यूही जास्त आढळले. ‘जितके जास्त तितके बरे’ हे म्हणणे तिथे अडखळले.

२०११ मध्ये मात्र बत्तीस हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि सलग दोन रिकाम्या दिवसांनंतरचा दिवस सर्वांत घातक ठरला. साठलेले पाणी आणि पोटॅशियम यांचा मार हृदयावर बसतो.

गोव्यात वार वाढवायचा म्हणजे आधी वाट मोजावी लागते. काणकोण तालुक्यात मूत्रपिंडाचे रुग्ण जास्त आहेत. भूजलातल्या सिलिकाकडे संशयाने पाहिले गेले आहे. तिथून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज साठ-सत्तर किलोमीटर दूर. चार तास यंत्रावर, दोन्हीकडचा प्रवास, पावसाळ्यात तर दिवसच गेला. सत्र फुकट मिळाले तरी सोबत येणाऱ्या मुलाची रोजंदारी बुडते. त्यात चौथा वार कुठे बसवायचा?

त्यामुळे आहे त्या वारांतला फरकच घरात जाणवतो. मंगळ-गुरु-शनीवाल्यांचा आयतार यंत्रावरून उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी येतो. सोम-बुध-शुक्रवाल्यांच्या आयतारी मात्र दोन दिवसांचे पाणी अंगात असते, आणि नेमके तेव्हाच ताटात माशांचे हुमण, सोलकढी आणि वर शहाळ्याचा आग्रह.