काळी माती नायट्रेटला का धरत नाही

मे अखेरीस काळ्या रानातल्या भेगेत काठी घातली तर हातभर सहज उतरते. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की भेग मिटेपर्यंत पाणी तिच्यातून थेट खाली धावतं. मातीच्या कणाकणांतून झिरपायला त्याला सवडच मिळत नाही. विहिरीत नायट्रेट, म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) पाण्यात विरघळणारं रूप, कसं येतं हे समजून घ्यायचं तर सुरुवात या भेगेपासून करावी, असं मला वाटतं.

युरियाचा दाणा ओल्या मातीत विरघळला की युरिएज नावाचं विकर काही दिवसांत त्याचं अमोनियम करतं. अमोनियमवर धन प्रभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, म्हणून माती त्याला धरून ठेवते. काळी माती तर या कामात फारच दमदार. पण पुढे नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वाफशावरच्या, म्हणजे बेताची ओल आणि हवा असलेल्या, उबदार जमिनीत हे बहुतांशी काही आठवड्यांतच उरकतं. नायट्रेटवर मात्र ऋण प्रभार, म्हणजे मातीच्याच जातीचा! माती त्याला धरत नाही, उलट दूर लोटते. पाण्यात ते पूर्ण विरघळतं, त्यामुळे पाणी जाईल तिथे तेही जातं. वाटेत मुळं भेटली तर पीक ते आनंदाने उचलतं. मुळांच्या खाली उतरलेलं नायट्रेट मात्र पिकाच्या हातून सुटलेलं असतं. ऑक्सिजन नसलेल्या एखाद्या थरात जिवाणूंनी त्याचा नायट्रोजन वायू केला तर ठीक, नाहीतर ते मुरमातून भूजलात पोचतं.

किती फरक पडतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असतं. ते सगळं नायट्रेट झालं तर ऑक्सिजनची भर पडून ९० किलोंहून जास्त भरतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. म्हणजे एका गोणीतलं सगळं नत्र खाली गेलं, तर सुमारे २० लाख लिटर स्वच्छ पाणी या मर्यादेपर्यंत पोचेल. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर अशा जवळपास १८ विहिरी. अर्थात सगळं नत्र कधीच वाया जात नाही, पण उभ्या पावसात एकदम फोकलेल्या खताचा मोठा वाटा जातो.

दोष एकट्या युरियाचा नाही. विहिरीला लागून असलेला उकिरडा, गोठ्याची गटार, शोषखड्डा या सगळ्यांतल्या नत्राचा शेवट नायट्रेटमध्येच होतो. गावठाणातल्या विहिरीचं पाणी कित्येकदा शेतातल्या विहिरीपेक्षा वाईट निघतं, ते यामुळे.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं, तर महाराष्ट्रात जवळपास ३६ टक्के नमुन्यांत. सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांच्या यादीत सात आपले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव. बहुतेक काळ्या मातीचा, कापसाचा पट्टा. ही यादी वाचताना मला अस्वस्थ वाटलं, कारण हे पाणी दिसायला नितळ असतं, चवीला गोड असतं, आणि तान्ह्या बाळाचं दूध त्यातच कालवलं जातं.

१९४५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट आणि निळी पडणारी बाळं यांचा संबंध दाखवला. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते हिमोग्लोबिन बदलतं आणि रक्ताला ऑक्सिजन पोचवता येत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांना हा धोका सर्वाधिक. अशा वेळी आई काळजीने पाणी उकळते. त्याने जंतू मरतात, पण पाणी आटून नायट्रेट उलट दाट होतं. तुरटी, ब्लीचिंग पावडर, कापडाची गाळणी यांचाही इथे उपयोग नाही. आरओ यंत्र ते बऱ्याच प्रमाणात काढतं, नाहीतर बाळापुरतं दुसरीकडचं तपासलेलं पाणी आणावं.

इंग्लंडच्या चॉक या मऊ चुनखडकात नायट्रेट वर्षाला साधारण एक मीटर एवढंच खाली सरकतं, त्यामुळे आज खत कमी केलं तरी फरक दिसायला दशकं लागतात. आपल्याकडे मुरूम उथळ, बेसॉल्टला चिरा, आणि विहीर एका पावसाळ्यात भरते. म्हणून झड उघडल्यावर वाफसा पाहून युरिया हप्त्याहप्त्याने दिला, उकिरडा विहिरीपासून हलवला, तर फरक दिसायला पिढी जाऊ नये. तो पाहायचा तर नमुना मे महिन्यात एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसांनंतर पुन्हा एकदा घ्यावा. भेगांतून काय उतरलं ते दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावरच कळेल.