आधी कोण, मग कोण: सीआय पाइपलाइनमधल्या सुट्या कामांची पार्श्वभूमी

सीआय म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन: सगळ्यांचा कोड वारंवार एकत्र करून तपासणं. ही कामं आपोआप पार पाडणारी साखळी म्हणजे पाइपलाइन. ऑगस्ट २०१९ मध्ये कोड ठेवण्या-तपासण्याच्या गिटलॅब या सॉफ्टवेअरची १२.२ ही आवृत्ती आली आणि पाइपलाइनच्या फाइलीत ‘नीड्स’ हा एक शब्द लिहिता येऊ लागला. त्याआधी तिथे कामं स्टेजमध्ये बसवावी लागत: बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणं), मग टेस्ट, मग डिप्लॉय (तो वापरात आणणं). एका स्टेजमधले सगळे जॉब, म्हणजे सुटी कामं, संपल्याशिवाय पुढची स्टेज सुरू होत नसे. म्हणजे कुकरची शिट्टी होईपर्यंत कोशिंबिरीची काकडी चिरायची नाही, असा कारभार. अँड्रॉइडचं बिल्ड रखडलं की आयओएसच्या टेस्टही विनाकारण ताटकळत. ‘नीड्स’मुळे प्रत्येक जॉबला सांगता आलं की तू फक्त अमक्यासाठी थांब, बाकीच्यांशी तुझं देणंघेणं नाही.

सोय मोलाची होती, पण नवी मुळीच नव्हती. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे बिल्डचं साधन लिहिलं ते याच कल्पनेवर. झालं असं की त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एका सकाळी वैतागून त्यांच्याकडे आले. बग दुरुस्त झाला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती. आदल्या संध्याकाळी फेल्डमन स्वतः त्याच फेऱ्यातून गेले होते. मग मेकफाइल, म्हणजे मेकसाठी नियम लिहायची फाइल, आली. हे बनवायला ते लागतं, आणि ते याच्यापेक्षा नवं असेल तरच हे पुन्हा बनवायचं, एवढाच तिचा नियम. क्रम माणसानं लिहायचा नाही. कोण कोणावर अवलंबून आहे ते लिहायचं, क्रम आपोआप निघतो. (आज्ञेच्या ओळीआधी टॅब हवाच, ही कटकटही तेव्हाचीच. ती खटकेपर्यंत डझनभर मंडळी मेक वापरू लागली होती, म्हणून फेल्डमन यांनी ती बदलली नाही. आजच्या पाइपलाइनच्या फाइली ज्या यामल स्वरूपात लिहितात, त्यात ओळ आत सरकवायला टॅब चालतच नाही. दैव!)

‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ हा शब्दप्रयोग ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये केला. त्याला रोजच्या सवयीचं रूप आलं ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून. क्रायस्लरच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात ती पद्धत घडली. आपापला कोड दिवसातून अनेकदा एकत्र करायचा आणि सगळ्या टेस्ट चालवायच्या. यात सर्व्हर नव्हता, शिस्त होती.

सर्व्हर आला २००१ मध्ये, थॉटवर्क्सच्या मंडळींनी बनवलेल्या क्रूझकंट्रोलच्या रूपानं. तो रेपोवर, म्हणजे कोडच्या साठ्यावर, नजर ठेवी, बदल दिसला की अँट या बिल्डच्या साधनाची स्क्रिप्ट चालवी आणि निकाल कळवी. कामांची नातीगोती अँटच्या पोटात. सर्व्हरला कळे ते फक्त लाल (नापास) की हिरवं (पास).

सन मायक्रोसिस्टम्समधल्या कोसुके कावागुची यांचं हडसन हे सीआय सर्व्हरचं सॉफ्टवेअर २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. सन विकत घेतलेल्या ओरॅकलशी नावावरून वाद झाल्यावर २०११ मध्ये त्याचं जेन्किन्स झालं. माझ्या मते खरी गाडी घसरली ती इथेच, आणि तीही सोयीपायी. जॉब ब्राउझरमध्ये क्लिक करून बनवता येई आणि ‘हा संपला की तो सुरू कर’ एवढं त्याच्या सेटिंगमध्ये लिहिलं की साखळी तयार. प्रत्येक जॉबला आपला शेजारी ठाऊक, पूर्ण वंशावळ एका जागी कुठेच नाही. शिवाय हे सगळं सर्व्हरच्या डिस्कवर. कोडबरोबर त्याचा इतिहास राहत नसे. ‘हा जॉब कोणी बनवला आणि बंद केला तर काय मोडेल?’ या प्रश्नाला उत्तर नसे, म्हणून तो चालूच राही.

२०११ मध्येच ट्रॅव्हिस सीआय या सेवेनं पाइपलाइनची फाइल थेट रेपोत आणली. जेन्किन्सनं हेच एप्रिल २०१६ मधल्या २.० आवृत्तीत जेन्किन्सफाइलच्या रूपानं पुढे ठेवलं. मधल्या काळात, २०१३ मध्ये, डॉकर आलं आणि प्रत्येक कामाला स्वतःचा कंटेनर, म्हणजे वेगळं बंदिस्त वातावरण, देणं सोपं झालं. टेक्टॉन या सीआयच्या साधनानं तर टास्क हाच मूळ घटक धरला आणि टास्कमधली प्रत्येक स्टेप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवली.

फाइल रेपोत आली आणि दुसरी पंचाईत झाली. दहा रेपो म्हणजे तोच मजकूर दहा ठिकाणी चिकटवलेला. त्यातून वाटून वापरायचे तुकडे निघाले: जेन्किन्सच्या शेअर्ड लायब्ररी, नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्कलसीआय या सेवेचे ऑर्ब, आणि कोड ठेवण्याच्या गिटहब या सेवेचं ॲक्शन्स, जे नोव्हेंबर २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. दुसऱ्याच्या रेपोचं नाव आणि आवृत्तीचा टॅग एका ओळीत लिहिला की त्याचं काम आपल्या पाइपलाइनमध्ये. अवलंबित्व पुन्हा एकदा लिहून ठेवलं जाऊ लागलं, पण या वेळी ते परक्याच्या घरापर्यंत पोचलं होतं.

मार्च २०२५ मध्ये त्याची किंमत कळली. कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या बदलात, कोणत्या फाइली बदलल्या ते सांगणारी गिटहबवरची एक छोटी ॲक्शन (वाटून वापरायचा तुकडा) २३,००० हून अधिक रेपोंमध्ये वापरात होती. हल्लेखोरांनी तिचे जुने टॅग उचलून एका घातकी कमिटवर नेऊन ठेवले. वापरणाऱ्यांच्या फाइलीत एक अक्षरही बदललं नाही, तरी रनरच्या, म्हणजे पाइपलाइन चालवणाऱ्या यंत्राच्या, मेमरीतले पासवर्ड आणि टोकन बिल्डच्या लॉगमध्ये छापले गेले. सार्वजनिक रेपोंमध्ये ते लॉग कुणालाही वाचता येतात. हल्लेखोर आत शिरले होते तेही थेट नव्हे, तर एका ॲक्शननं वापरलेल्या दुसऱ्या ॲक्शनच्या वाटेनं, असं तपासात दिसलं.

टॅग हलवता येतो, कमिटचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरातून निघालेली खूण, हलवता येत नाही. म्हणून टॅगऐवजी ४० अक्षरांचा पूर्ण हॅश लिहा, हा सल्ला आधीपासून होता. आता तो अधिक जण पाळतात. त्याच ओळीत पुढे कॉमेंट टाकून आवृत्तीचा आकडाही लिहितात, कारण ४० अक्षरांकडे बघून माणसाला काहीच उमगत नाही.